बाईंच्या खुर्चीत बसल्याशिवाय सुटका नव्हती

कांबळेबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सहावीला अपूर्णांक शिकवत होते. तळेगावला, राहत्या घरी, झोपेतच... महिना होऊन गेला, तरी शाळेत शिरताना मान आपोआप जिन्याखालच्या खोलीकडे वळते.

रहाटणीतली आमची शाळा इंग्रजी माध्यमाची आणि मुलं कंपनीत, गॅरेजात राबणाऱ्यांची. कुणाच्या घरी मराठवाड्याची बोली, कुणाच्या घरी हिंदी. त्यांना इंग्रजीचा आधार द्यायला बाईंचा वर्ग त्या खोलीत भरायचा. तिथून सुटायची बाईंची एकच रीत. मुलाने बाईंच्या खुर्चीत बसायचं, बाई बाकावर बसणार, आणि विज्ञानाचं इंग्रजी पान मुलाने घरच्या बोलीत बाईंना शिकवायचं. बाई असे भाबडे प्रश्न विचारायच्या की पाठांतरवाल्यांची भंबेरी उडायची!

शाळेचा नियम मात्र असा, की या वर्गात एकच वर्ष बसायचं. माझ्या वर्गातल्या रेहानाचं वर्ष भरलं तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, पोरगी फाडफाड इंग्रजी बोलते. आता कशाला हा वर्ग?"

"बोलते हो सर. पण वाचलेलं कळत नाही अजून. थोडे दिवस राहू द्या माझ्याकडे."

बाईंच्या वर्गातून तिचं नाव निघालंच. तिचे अब्बा काळेवाडीत गॅरेज चालवतात. ते पेढे घेऊन आले. "बाई, पोरगी पक्की झाली ना आता?" त्या भल्या माणसाला काय सांगणार, कपाळ? बाईंनी पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला. संताप मला आला, त्यांना नाही. मला एवढंच म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत पाठवत जा गं तिला."

बाई गेल्या आणि वर्गच बंद झाला. चाचणीत रेहाना विज्ञानात नापास झाली. अब्बा म्हणतात, अभ्यास करत नाही. वर्ग चालू ठेवा म्हणून मी सरांशी भांडले, तर ते शांतपणे म्हणाले, "सगळी मुलं बोलतात की!"

परवा मधल्या सुट्टीत खोलीत डोकावले. रेहाना बाईंच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर विज्ञानाचं पुस्तक, समोर रिकामा बाक. मला पाहून उठायला लागली.

"बस," म्हटलं आणि मीच बाकावर बसले.

"टीचर, पौधा अपना खाना खुद बनाता है..." दोन वाक्यं बोलली आणि थांबली. आता प्रश्न येईल म्हणून माझ्याकडे बघत राहिली. मी गणिताची बाई. बाईंनी इथे काय विचारलं असतं, ते मला काही केल्या सुचेना... सुट्टी संपल्याची घंटा झाली, तरी पोरगी बघतच होती.