घोणस आणि जनाच्या शेजारची ओळ

कापूस गाड्या भरून सरकी काढायला जिनात जातो, पण वेचताना घडलेल्या गोष्टी वेचणाऱ्यांच्या ओटीतच राहतात. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा बोदवडकडच्या आमच्या टोळीत आम्ही बावीस बाया. बावीस बाया म्हटल्यावर सासवा-नणंदांच्या गोष्टी निघणारच. पण सगळ्यात जास्त साठल्या त्या घोणशीच्या!

घोणस अंगाने जाड, मातीच्या रंगाची, पाठीवर साखळीसारखे गोल. माणूस आलं की दुसरे साप सरकतात. ही सरकत नाही. वाळल्या पाल्यात पडून राहते आणि लोहाराच्या भात्यासारखी फुसफुसते. म्हणून टोळीतल्या सगळ्यात थोरल्या पारूअक्कांचा नियम होता: झाडाच्या बुडाशी आधी कान, मग हात.

अडचण एकच. आमच्यातली जना बहिरी. लहानपणी तापात कान गेले, बोलणं तेवढं राहिलं. मी तेव्हा नवी सून, माझी ओळ तिच्या शेजारची. फुसफुस ऐकू आली की तिला खडा मारायचा, हे माझं काम.

"हळू मार वं माय! घोणशीच्या आधी तूच मारशील मले!"

*

मालकांचे जावई एकदा धुळ्याहून शेत बघायला आले. बांधावर घोणस ऊन खात पडलेली.

"हे अजगराचं पिल्लू," ते आम्हाला समजावू लागले. "गरीब जनावर. विष नसतं त्याला." आणि छत्रीचं टोक टोचलं की हो तिला!

तिने असा फुसकारा सोडला, की जावई बांध ओलांडून पार विहिरीपाशी! छत्रीच्या कापडाला दोन भोकं.

पारूअक्का म्हणाल्या, "जावईबापू, त्याले काय ठाऊक तुम्ही पाव्हणे हायेत ते!"

छत्री पुढे दोन पावसाळे बाभळीला लटकत होती. तिला कुणी हात लावला नाही.

*

राखणदार नाना मोठे धीट. त्यांनी कुऱ्हाडीने घोणशीचं मुंडकं उडवलं आणि आम्हाला दाखवायला काडीवर घ्यायला गेले. मुंडक्याने काडी कचकन धरली! धड तिकडे पडलेलं, इकडे तोंड चालूच.

नाना पांढरेफटक. "मेल्यावर बी चावते?"

"माह्या सासूचं बी असंच व्हतं," पारूअक्का म्हणाल्या.

*

एकदा वेचणी भर रंगात आली होती आणि कुंपणापलीकडे सुरू झालं फुस्स, फुस्स, फुस्स! एक नाही, दहा घोणशी असाव्यात असा आवाज. सगळ्या बाया ओट्या सावरत बांधावर. जनाला खडा मारायचं मी साफ विसरले.

बऱ्याच वेळाने नाना वाकून बघून आले. पलीकडे फिरस्त्या घिसाड्याने गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायला भाता लावला होता!

आम्ही परत आलो तर जना तीन ओळी पुढे. त्या दिवशी सगळ्यात जास्त कापूस बहिरीचा!

*

आमच्यातल्या काशीचा गळा गोड. गाता गाता तिचा हात बुडाशी गेला. घोणस फुसफुसली असेलही, पण गाण्यात तिला कुठलं ऐकू येणार?

बोट सुजलं, मग कोपरापर्यंत हात. विष चढलं तर निंबाचा पाला कडू लागत नाही म्हणे. गावातल्या भगताने तो तिला चघळायला दिला.

"कडू लागते का?"

"लागते."

"मंग उतरलं!"

काशीने भाकरी खाल्ली, हसलीसुद्धा. घोणशीचं विष दमाने काम करतं. दुपार कलली तसं हिरड्यांतून रक्त यायला लागलं. बैलगाडीने स्टेशनवर नेली, तिथून जळगावच्या दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी काशी गेली.

भगत पुढे वर्षभर सांगत होता, "पाला तर कडूच लागला व्हता!"

*

काशीनंतर आमचे मुकादम हिरामणभाऊ घाबरले. "कान असून ती मेली, मंग बहिरीचं काय? माह्या माथ्यावर नको." त्यांनी जनापुढे उभं राहून कानाला बोट लावलं, मग हात हलवला. उद्यापासून यायचं नाही.

जना विधवा. घरी दोन लहान पोरी. संध्याकाळपर्यंत तिने आपली ओळ पुरी केली.

उन्हं उतरल्यावर आम्ही बाभळीखाली कापसाचा ढीग लावत होतो. मुकादम नेहमीसारखे रिकाम्या गोण्यांवर टेकायला निघाले. आम्ही साऱ्या तिथेच. कुठे आवाज नाही, काही नाही.

जना पळत आली आणि दोन्ही हातांनी असा धक्का दिला की मुकादम चार हात लांब, पटका धुळीत!

"येडी झाली का वं!"

नानांनी काठीने वरची गोणी उचलली. खाली वेटोळं. चांगली मनगटाएवढी जाड! तेव्हा कुठे ती फुसफुसली. जना सोडून सगळ्यांनी ऐकलं.

मुकादम धुळीत बसूनच विचारत होते, "तुले कसं समजलं? जना, तुले कसं समजलं वं?"

जनाने पटका उचलला, झटकला, त्यांच्या हातात दिला.

"मंग उद्या येऊ का?"