ताईच्या हाका

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी थोरल्या बहिणीला घेऊन थायलंडला गेले. देवळं, समुद्र सगळं ठरलेलं होतं, पण मला ओढ उघड्यावरच्या बाजारांची. कुठल्याही गावात उतरलं की माझा पहिला प्रश्न, इथं बाजार कुठं भरतो?

त्या दिवशी सकाळी दहालाच ऊन तापलं होतं. "सोलापूरच्या माणसाला उन्हाचं काय," म्हणत मी ताईला बाहेर काढलं. पण तिथलं ऊन घामट, अंगाला चिकटणारं. केळीच्या पानातला भात, निखाऱ्यावरची केळी, कधी न पाहिलेली फळं. एक घास तोंडात असतानाच माझं लक्ष पुढच्या पालाकडं.

"जरा बसू या की," ताई म्हणाली.

"एवढी एक गल्ली."

अशा चार गल्ल्या झाल्या. पाचवीत मागं वळून पाहिलं, तर ताई नव्हती.

मी आल्या वाटेनं धावत सुटले. ती एका शहाळेवालीच्या पालाखाली सापडली. भोवळ येऊन खाली बसली होती. त्या बाईनं तिच्या मानेवर ओलं फडकं ठेवलं होतं आणि ती पुठ्ठ्यानं वारा घालत होती. माझ्याकडं तिनं असं पाहिलं की मला मान वर करवेना.

"किती हाका मारल्या तुला," ताई म्हणाली. "ऐकू आल्या नाहीत?"

"आल्या होत्या," मी म्हणाले. ताईनं शहाळ्याचं पाणी संपवलं.

परत सोलापुरात, शुक्रवार पेठेत आल्यावर मला घरात चैन पडेना. आठवड्यातच जवळच्या मंद्रूप गावच्या बाजाराला निघाले. ताई म्हणाली, "येते मी. पण एका जागी बसणार."

तिथं एका शेंगावालीनं तिला पोतं अंथरून दिलं. "बसा की आक्का, ऊन लई हाय." दोघींच्या गप्पा जुंपल्या. मी शेजारी उभी, या पायावरून त्या पायावर.

"जा, फिरून ये," ताई म्हणाली.

गेले. मिरच्यांच्या ढिगाऱ्यांपर्यंत पोचले, पण दर दोन पालांनी मागं वळून बघत होते. काहीच न घेता परतले.

"एवढ्यात?" म्हणत ताईनं सरकून जागा दिली. मी बसले. ओंजळभर शेंगा संपायच्या आतच मी शेंगावालीला विचारलं, "सोलापूरची एसटी किती वाजता आहे हो?"