लीथाला ठाऊक असलेली सोयरीक

आमच्या काउंटीच्या कोर्टात, तळघरातल्या जुन्या दप्तराच्या कपाटांमध्ये, लीथा ब्रॅनमनं चौतीस वर्षं काढली. मी जन्मभर तंबूतल्या नाटकांत राजेबिजे झालो, पण तिच्यासारखा प्रवेश मला कधी साधला नाही. चष्मा कपाळावर, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि एकच वाक्य: "कुणाचं नाव शोधू?" कागद कशाला हवा, हे ती कधी विचारायची नाही. कोर्टाचा कागद गावाचा, मागेल त्याला दाखवायचा, असा तिचा खाक्या.

एका मंगळवारी मी शेजारच्या इना प्रेटरला तिथे घेऊन गेलो. तिचा नवरा वेंडेल सैनिकांच्या दफनभूमीत पुरलेला होता. त्याच्या शेजारची जागा बायकोची. पण इनाचं आधी एक लग्न झालेलं, आणि तिथलं कार्यालय म्हणत होतं, पहिला नवरा कायद्यानं सुटल्याचा कागद आणा. अठ्ठेचाळीस वर्षं वेंडेलचा संसार केलेली बाई कागदोपत्री त्याची कोणीच नव्हती.

वरच्या खिडकीत संगणक बघून "नोंद नाही" असं सांगितलं होतं. इना डोळे पुसतच खाली उतरली.

"इनामावशी, रडतेस काय?" लीथा म्हणाली. "तो संगणक माझ्या धाकट्या लेकीहून लहान. त्याला जुनं काय माहीत? पहिल्याचं नाव सांग."

"लॉयल स्टॅम्पर. साल त्रेसष्ट. अर्ज इथेच दिला होता गं, याच इमारतीत."

"आणि निकालाला कुठे गेलीस?"

"कुठेच नाही. वकील म्हणाला, झालं काम. मी पडत्या फळाची आज्ञा मानली."

लीथानं खांद्याएवढी रुंद वही टेबलावर टाकली. ओळींवरून बोट फिरलं, थांबलं, आणि ती हसली.

"काका, तेव्हा जज्ज कोण होते?"

"हेन्स्ली," मी म्हणालो.

"आणि त्यांची बायको?"

इनानं कपाळावर हात मारला. "अगं बाई! बर्था! लॉयलची सख्खी आत्या!"

"मग? बायकोच्या भाच्याचा खटला चालवण्याइतके ते निलाजरे नव्हते. हे बघ, शेजारच्या टॅलो काउंटीत पाठवला. आपल्याकडे जज्ज निम्म्या गावाचा पाहुणा असतो, मावशी. कागद सापडेना की मी आधी सोयरीक शोधते."

तिनं लगेच टॅलोच्या कोर्टातल्या कारकुनाला फोन लावला. "ऑर्विल, त्रेसष्टची वही काढ. जेवून नाही, आत्ता. मी धरते."

तेवढ्यात तिनं इनाकडे वळून विचारलं, "वेंडेलशी लग्न कधी लागलं?"

"त्याच वर्षी. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी." इनाचा चेहरा पांढरा पडला. निकाल त्यानंतरचा निघाला तर?

लीथा मात्र निवांत, पेन्सिल कानावर खोचून उभी. मग फोनमध्ये "हं" म्हणाली आणि तारीख मोठ्यानं वाचली. "सात ऑक्टोबर. घटस्फोट मंजूर."

"म्हणजे मी त्याची बायको होते," इना हळूच म्हणाली.

"होतीसच. आज शिक्का मिळेल, एवढंच. निघा आता, ऑर्विल चारला कुलूप घालतो."

आम्ही पावणेचारला पोचलो. ऑर्विलनं नक्कल काढून दिली. कागदावर उठलेल्या शिक्क्यावरून इना गाडीत सारखी बोट फिरवत होती. दुसऱ्या दिवशी दफनभूमीच्या कार्यालयानं तिचं नाव वेंडेलशेजारी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर ती त्याच्या दगडापाशी गेली आणि म्हणाली, "सरक आता जरा. झोपेत नेहमी पसरायचास."