फ्लेक्सवरचा दुसरा डोळा

वारंगा फाट्यावरचा फ्लेक्सवाला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं कधी बघत नाही. बघतो ते स्क्रीनकडं, आणि काम व्हायच्या आधीच विचारतो, "बराबर हाय ना?" आमच्या संघटनेच्या मोर्चाचे फलक त्याच्याकडंच होतात, म्हणून मी त्याला ओळखतो.

परवा मी दुकानात असताना एक म्हातारी पुतण्याला घेऊन नवऱ्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स बघायला आली. म्हाताऱ्याचा एक डोळा बैलाच्या शिंगानं गेलेला होता. फ्लेक्सवर दोन्ही डोळे टपोरे.

"हे आमचे न्हाईत," ती म्हणाली.

"मावशी, एआयनं डोळा बसवला. डॉक्टरला जमलं व्हतं का?" फ्लेक्सवाला हसला.

"काहून बसवला? म्या सांगितलं व्हतं?"

"राहू दे काकी, लई भारी दिसून राहिले," पुतण्या म्हणाला.

मी फ्लेक्सवाल्याशी भांडलो. तो म्हणाला, "साहेब, फुटका डोळा चौकात कोण लावतंय?"

खरं बोलला, म्हणून जास्तच संताप आला. मशीननं हुकूम पाळला. आपल्या माणसाची लाज वाटते ती आपल्याला.

पुतण्यानं तोच फ्लेक्स चौकात लावला. लोक हात जोडून गेले. म्हातारीनं मात्र त्याच्यापुढं तोंडावर पदर ओढला, परक्या पुरुषासमोर ओढावा तसा.