उजव्या पेल्यातल्या शेंगा

आयरीन व्होदिच्का बाई आयोवातल्या आमच्या गावच्या शाळेत गणित शिकवायच्या. नवरा गेल्यावरही त्यांनी बेसबॉल मैदानावरच्या दोन्ही जागा सोडल्या नाहीत. संघाच्या बाकाला लागून, कठड्याजवळच्या जागा. एकीवर त्या स्वतः बसत, दुसरीवर बिअरचे दोन रिकामे कागदी पेले असत. मी संघाचं सामान सांभाळायचो, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं कानावर पडे.

बाईंची नजर शॉर्टस्टॉपवर असे. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकावर. त्याच्या बाजूने चेंडू आला आणि फलंदाज बाद झाला, की भुईमुगाची एक शेंग डाव्या पेल्यात. बाद झाला नाही, की उजव्यात. का झाला नाही, हे त्या विचारत नसत. सामना संपला, की आकडे वहीत उतरवून त्या पेले रिकामे करत.

त्या उन्हाळ्यात एलाडिओ नावाचा लांब पायांचा डोमिनिकन पोरगा त्या जागी खेळत होता. हातातून सुटलेल्या किंवा भलतीकडे फेकलेल्या चेंडूंच्या चौदा चुका त्याच्या नावावर लागल्या होत्या. त्याच्याआधी खेळलेल्या डीन हॅगर्टीच्या नावावर तीन. डीनचा दुखावलेला गुडघा आता बरा झाला होता, आणि मॅनेजर लॉइड ट्रॅम्बलीने ठरवून टाकलं होतं: रविवारच्या सामन्यानंतर एलाडिओला घरी पाठवायचं.

"लॉइड, तो चुकतो कारण तो चेंडूपर्यंत पोचतो," बाई कठड्यावरून म्हणाल्या.

"बाई, मला डोळे आहेत."

"हातातून सुटलेला चेंडू दिसतो तुला. डीनच्या बाजूने निघून गेलेला दिसत नाही. तेव्हा तू म्हणतोस, फलंदाजाने काय मारलाय!"

लॉइडने डाव्या पेल्यातली शेंग उचलून फोडली. "हा तुमचा पुरावा? खारट आहे."

"नववीत माझा तास बुडवून इथंच यायचास. आता तरी ऐक. डीनच्या बाजूला आलेल्या दहा चेंडूंत सहा वेळा फलंदाज बाद झाला. एलाडिओकडे सात वेळा. त्याच्या चुका धरून."

"एकाने काय होतं?"

"दहा चेंडू दोन-तीन सामन्यांत येतात. म्हणजे तेवढ्यात एक फलंदाज जास्त बाद होतो. सबंध हंगाम तसा मोज."

"आणि हे पक्कं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "चेंडू अजून कमी पडतात. म्हणून तर त्याला ठेव म्हणतेय."

लॉइड हसला. "पक्कं नसताना भांडणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

रविवारी डीन उतरला. दोन चेंडू त्याच्या उजवीकडून गेले. दुसऱ्यावर त्याने झेप घेतली, कपडे मातीत लोळवले, लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. गुणांच्या पाटीवर चूक दाखवणारा दिवा लागला नाही. न पोचण्यासाठी त्या पाटीवर दिवाच नव्हता. बाईंनी उजव्या पेल्यात दोन शेंगा टाकल्या.

डीनचा गुडघा पुन्हा दुखायला लागला आणि एलाडिओ आत गेला. पुढचा चेंडूही त्याच वाटेने निघून चालला होता. तो पोचला, त्याने वळून फेकला, आणि चेंडू पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या डोक्यावरून गेला. दिवा लागला.

"घरी जा रे!" मागून कुणीतरी ओरडलं.

लॉइडने बाईंकडे पाहिलं. त्यांनी उजव्या पेल्यात आणखी एक शेंग टाकली.

"ही त्याच्या विरुद्ध टाकलीत?"

"बाद झाला का? नाही ना? मग उजव्यात."

लॉइड कठड्याशी आला, पेल्यात वाकून पाहू लागला. तीन शेंगा. पाटीवर चूक एकच.

"यातली एलाडिओची कुठली?" त्याने विचारलं.

"तू सांग."

त्याने पेला हलवून पाहिला; तिन्ही सारख्याच. तेवढ्यात चेंडू पुन्हा त्याच वाटेने आला. एलाडिओ पोचला, या वेळी फेक सरळ गेली, फलंदाज बाद. बाईंनी पिशवीत हात घालायच्या आत लॉइडने स्वतःच एक शेंग काढली, खायला तोंडापर्यंत नेली, आणि डाव्या पेल्यात टाकली.

"हंगाम संपेपर्यंत," तो म्हणाला. "त्यानंतर पुन्हा भांडू."

"भांडू," बाई म्हणाल्या, आणि मला शेंगांची दुसरी पिशवी आणायला पाठवलं.