मालतीबाईंचा हात आणि माझा ढोल

मालतीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते भूमच्या शाळेत, बाजारच्या दिवशी. त्या तिथं संगीत शिकवायच्या. ढोकीच्या आमच्या लग्नाच्या बँडमधले चौघं, अणदूरचे संबळवाले, दोन पेटीवाले मास्तर, असा गोतावळा जमवून त्यांना वाद्यवृंद उभा करायचा होता. बाई स्वतः रिकाम्या हातानं समोर उभ्या. या वाजवणार काय, हे मी अर्धा दिवस शोधत होतो, अन् त्या तर नुसता हात हलवत होत्या! संबळवाल्या आप्पांना ते काही पटेना. देवापुढं वाजवणारा माणूस बाईमाणसाच्या हाताकडं कशाला बघेल? बाईंनी त्यांना दुखावलं नाही, पण हातही खाली घेतला नाही.

मी मात्र टक लावून बघायचो. त्याचं कारण आज पहिल्यांदा लिहितो. वरातीत ढोल बडवून बडवून माझे कान गेले होते. ओठ बघून बोलणं कळायचं, तेवढंच. ऐकू न येणाऱ्या ढोलवाल्याला कोण उभं करतंय? बायको सोडली तर कुणालाच मी पत्ता लागू दिला नव्हता.

एका तालमीत बाई पाठमोऱ्या असतानाच "थांबा" म्हणाल्या, हे मला मागाहून कळलं. सगळे थांबले, मी आपला वाजवतोय! मंडळी हसली. मी काठ्या गुंडाळल्या अन् एसटी गाठायला निघालो. बाई दारात आडव्या आल्या आणि मला ओठ दिसतील अशा सावकाश बोलल्या, "रसूलभाई, तुमच्याइतकं माझ्याकडं कुणीच बघत नाही. उद्यापासून अगदी समोर बसायचं." मला समोर का बसवलं, ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

मग धाराशिवचा पहिला कार्यक्रम. काय ती गर्दी! लोक शिट्ट्या मारायला लागले तशी आमच्या मंडळींना वरात चढली. क्लॅरिनेटवाल्याची बोटं पळायला लागली, आप्पा त्याच्याही पुढं. मला एकही शिट्टी ऐकू आली नाही. बाईंचा हात संथ चालला होता, त्याच्याबरोबर मी. एकेक जण माझ्या ढोलावर परत आला आणि शेवटचा ठोका सगळ्यांचा एकदम पडला. इमानानं सांगतो, आजही अंगावर काटा येतो. खाली उतरल्यावर आप्पा बाईंना म्हणाले, "चुकलं आमचं. आता तुमच्याकडं बघूनच वाजवू."

आता बाईंना पंचाहत्तरावं लागलंय. उजवा खांदा दुखतो, डॉक्टरांनी हात उचलू नका म्हणून बजावलंय, पण त्या ऐकतील तर शपथ! बाई, तुम्ही शंभरी गाठा, तब्येतीनं ठणठणीत राहा. खांद्याला त्रास देऊ नका. नुसतं एक बोट हलवा, मला दिसतं.