वही आणि भिंत

भाऊजी गेल्याचा फोन मंगळवारी सकाळी आला. मी डार्मश्टाटच्या ट्रामथांब्यावर उभी होते आणि हातात त्यांच्यासाठीच घेतलेली संत्री होती. रडू आलं ते मात्र चौथ्या दिवशी. त्याआधी अंत्यसंस्काराच्या हॉलमध्ये त्यांच्या बेसबॉल क्लबने पाठवलेलं भलंमोठं पुष्पचक्र पाहिलं, त्याच्या फितीवर सोनेरी अक्षरांत ‘आमच्या लाडक्या श्रीधरला, कायमच्या कृतज्ञतेने’ हे वाचलं, आणि मला किळस आली. दुसरा शब्द नाही. याच क्लबने तीन वर्षांपूर्वी या माणसाला हाकलून दिलं होतं. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण जर्मनीतही तितकीच चालते म्हणायची...

श्रीधर हे माझे थोरले दीर. कॉलेजात असताना पुण्यात क्रिकेटचे स्कोअर लिहायचे, मग इथे एका प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी केली, लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर घरामागच्या मैदानात चालणारा बेसबॉल त्यांनी दोन रविवार कुंपणाबाहेरून पाहिला आणि तिसऱ्या रविवारी आत जाऊन विचारलं, तुमचा स्कोअर कोण लिहितं? खालच्या लीगमध्ये खेळायला सगळ्यांना हवं असतं, लिहायला कुणालाच नको असतं. क्लबने त्यांना लगेच टेबल दिलं. मी त्यांचा डबा घेऊन जायचे ती तिथेच रेंगाळू लागले आणि वर्षभरात मलाही ती वही वाचता यायला लागली. क्षेत्ररक्षकाच्या हातून सोपा चेंडू सुटला की चौकटीत ‘ई’, म्हणजे एरर. फलंदाजाने मुद्दाम बॅट नुसती टेकवून चेंडू हळूच पुढे टाकला, स्वतः बाद झाला पण बेसवर, म्हणजे धावेच्या मधल्या टप्प्यावर, थांबलेल्या सोबत्याला पुढे सरकवलं, की ‘सॅक’, म्हणजे सॅक्रिफाइस. हे ‘सॅक’ त्यांच्या फार आवडीचं. “बघ नीलिमा, हा बाद झाला, पण हे बाद होणं त्याच्या नावावर धरत नाहीत. इतका सभ्य नियम क्रिकेटमध्येसुद्धा नाही,” म्हणायचे. बाकी वहीत दयामाया नव्हती. लिहिलेलं खोडरबराने पुसायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. चुकलं तर एक आडवी रेघ आणि शेजारी नवीन अक्षर, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही वाचता आलं पाहिजे.

आमचे वादही व्हायचे, आणि ते बहुतेक एकाच विषयावर. अमेरिकेत बंदी घातलेल्या खेळाडूंना हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या भिंतीवर, घ्यावं की नाही? मी म्हणायचे, “अहो भाऊजी, माणूस मेल्यावर तरी माफ करावं की.” ते संत्र सोलत म्हणायचे, “वही वेगळी आणि भिंत वेगळी. त्याने मारलेले फटके वहीत राहणार, ते कुणाच्या बापाला पुसता येणार नाहीत. पण भिंत मान द्यायला असते. बंदी चुकीची होती असं वाटतं ना, मग ती आधी उठवा, चुकलो म्हणा, आणि मग फोटो लावा. मेल्यावर गुपचूप फोटो लावणं सोपं असतं गं... तो उलटून बोलत नाही.” मला तेव्हा हा माणूस कोरडा वाटायचा.

मग तो रविवार आला. वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीचा सामना होता आणि आमच्या फलंदाजांना समोरच्या गोलंदाजाचा प्रत्येक चेंडू आधीच कळल्यासारखा दिसत होता. कळतच होता. मैदानाच्या पलीकडे, फलंदाजाच्या अगदी समोर, क्लबच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. तिचं रोलाडेन, म्हणजे गुंडाळून वर जाणारं शटर, पूर्ण वर असलं की वेगवान चेंडू, अर्ध्यावर आलं की वळणारा. आत आमचे अध्यक्ष हॉर्स्ट दुर्बीण घेऊन बसले होते आणि समोरच्या संघाचा, फलंदाजामागे बसलेला कॅचर गोलंदाजाला बोटांनी करत असलेल्या खुणा वाचत होते. भाऊजी एकेक चेंडू लिहिणारे! पाचव्या डावापर्यंत त्यांच्या समासात प्रत्येक चेंडूपुढे बाण आला होता, वर किंवा खाली. बेसवर उभ्या असलेल्या धावपटूने नुसत्या डोळ्यांनी खूण टिपली तर ते त्याला डावपेच म्हणायचे, कौतुकही करायचे. पण दुर्बीण आणि स्वयंपाकघर म्हणजे चोरी. त्यांनी आधी हॉर्स्टना सांगितलं, “तुम्ही स्वतः कळवा.” आठवडाभर वाट पाहिली. मग ते पान लीगकडे पाठवलं. आमचा विजय रद्द झाला.

यावर क्लबने काय करावं? चोर सोडून संन्याशाला फाशी. ‘क्लबच्या हिताला बाधा आणणारं वर्तन’ असा नियम जर्मनीतल्या बहुतेक प्रत्येक क्लबात असतो. तो काढून भाऊजींच्या हकालपट्टीचा प्रस्ताव आला. कार्यकारिणीत आम्ही सहा जण, त्यांतली मी सचिव, सभेचं प्रोटोकॉल, म्हणजे इतिवृत्त, लिहिणारी. तिघे बाजूने, दोघे विरोधात. मी नाही म्हटलं असतं तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत प्रस्ताव पडतो. मी तटस्थ राहिले. का राहिले ते सांगताना अजून तोंड कडू होतं. बावीस वर्षं या गावात मी कुणाची तरी शेजारीण, कुणाची तरी सहकारी होते. या क्लबने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती, नाताळच्या बाजारात माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. ते मला सोडवेना. घरचा माणूस म्हणून मत देणं बरं दिसणार नाही, असं मी स्वतःलाच नाकाने कांदे सोलत समजावलं. त्या संध्याकाळी भाऊजी चहाला आले तेव्हा कुणी कसं मत दिलं ते मी सगळं सांगितलं. त्यांनी इतकंच विचारलं, “प्रोटोकॉल बरोबर लिहिलंस ना?” मी हो म्हटलं. पुढे या विषयावर ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर दर रविवारी ते कुंपणाबाहेर घडीची खुर्ची टाकून बसायचे आणि स्कोअर लिहायचे, कुणीही मागितलेला नसताना. आतून कुणी हात केला तर उलट हात करायचे. मी आत टेबलाशी, त्यांच्या जागेवर, आणि ते जाळीपलीकडे. शी... माझी मलाच किळस यायची.

पुष्पचक्रानंतर तीन आठवड्यांनी हॉर्स्टचं पत्र आलं. क्लबच्या मानाच्या फलकावर श्रीधर यांचा फोटो लावायचा आहे, एखादा हसरा पाठवावा. तो फलक मला पाठ आहे, त्याच्यावर वरून दुसरा फोटो हॉर्स्टचाच आहे. मी सभेला गेले आणि म्हटलं, फोटो देते, पण आधी हकालपट्टीचा ठराव रद्द करा, का केला होता आणि का रद्द करतोय ते प्रोटोकॉलमध्ये लिहा, मी तटस्थ राहून चुकले हेही लिहा. हॉर्स्टनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हे बघ नीलिमा, माणूस गेला. आता जुनं कशाला उकरायचं? श्रीधर तर क्लबचं हृदय होता!” बाकीच्यांनी माना डोलावल्या, एकीने तर डोळे पुसले. ज्या बोटांनी रोलाडेन खालीवर केलं ती बोटं माझ्या खांद्यावर होती. मी ती उचलून बाजूला केली, सचिवपदाचा राजीनामा टेबलावर ठेवला आणि फोटो पर्समध्ये घालून घरी आले.

त्यांची शेवटची वही माझ्याकडे आहे. परवा ती पहिल्यांदा नीट चाळली. कुंपणाबाहेरचे सगळे सामने ओळीने लिहिलेत, आणि त्यांच्याआधी एक पान आहे ज्यावर सामना नाहीच. डावीकडे, खेळाडूंची नावं लिहावीत तशी, आम्हा सहा जणांची नावं आहेत. त्या संध्याकाळी मी चहाबरोबर सांगितलेली मतं त्यांनी घरी जाऊन मांडली होती. बाजूने मत दिलेल्या तिघांपुढे ‘ई’. विरोधातल्या दोघांपुढे बरोबरची खूण. आणि माझ्या नावापुढे ‘सॅक’.

मी कितीतरी वेळ त्या तीन अक्षरी इंग्रजी शब्दाकडे बघत बसले. मी कुणाला पुढे सरकवलं होतं? मी कुठे बाद झाले होते? बाद तर ते झाले होते. इतक्या वर्षांच्या इतक्या वह्यांत या माणसाने एकच नोंद खोटी केली, आणि ती माझी.

त्यांची पेन्सिल वहीच्या कण्यात खोचलेली होती. मी त्या शब्दावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी ‘ई’ लिहिलं. खोडरबर वापरला नाही. त्यांनी लिहिलेलं खालून अजून वाचता येतं.